ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल : काही नवलाचे प्रश्न

फुटबॉल म्हटला की गोल चेंडू, प्रत्येक बाजूस अकरा गडी आणि हाताला मज्जाव, असा खेळ आपल्या डोळ्यांपुढे येतो. गोव्याच्या गावोगावी आणि बेळगावच्या मैदानांवर आपली मुले हाच खेळ खेळतात. परंतु ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात, विशेषतः मेलबर्न शहरात, या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील फुटबॉलचा चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल. प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात, गोलरक्षक मुळीच नसतो आणि चेंडू हातात धरून धावण्यास परवानगी असते. मात्र धावता धावता पंधरा मीटरांच्या आत चेंडू एकदा जमिनीवर आपटून पुन्हा हातात घ्यावा लागतो. सोबत्याकडे तो फेकता येत नाही. एका हाताच्या तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यावा लागतो.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या खेळाच्या इतिहासात नवलाच्या पुष्कळ गोष्टी आहेत. त्यांपैकी काही आम्ही आज प्रश्नोत्तररूपाने वाचकांपुढे ठेवीत आहोत. आरंभीचे प्रश्न करमणुकीचे वाटतील. शेवटचा मात्र केवळ करमणुकीचा नाही.

प्रश्न : हा खेळ कोणी आणि कशासाठी सुरू केला?

उत्तर : क्रिकेटसाठी! १० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या वृत्तपत्रात टॉम विल्स या तरुण क्रिकेटपटूंचे एक पत्र प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो आणि हिवाळ्यात क्रिकेट बंद राहते. त्या काळात खेळाडूंना सुस्ती येऊ नये यासाठी एक फुटबॉल क्लब काढावा, अशी त्यांची सूचना होती. पुढच्याच महिन्यात, ७ ऑगस्ट रोजी, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर स्कूल या दोन शाळांचा प्रसिद्ध सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूस चाळीस गडी होते आणि दोन गोलांमध्ये सुमारे अर्ध्या मैलाचे अंतर होते. पंचांमध्ये विल्स स्वतः होते. हा सामना तीन शनिवार चालला आणि दोन्ही बाजूंचा एकेक गोल होऊन बरोबरीत सुटला.

१७ मे १८५९ रोजी मेलबर्न क्लबच्या मंडळींनी एका हॉटेलात बसून दहा नियम लिहून काढले. विल्स यांच्या जोडीला विल्यम हॅमर्स्ली, जेम्स टॉम्सन आणि टॉमस स्मिथ हे होते. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने आपले नियम केले ते १८६३ साली. म्हणजे आपण जो फुटबॉल खेळतो, त्याच्या नियमांपेक्षा मेलबर्नचे नियम चार वर्षांनी वडील आहेत.

प्रश्न : मैदान लंबगोल कसे झाले?

उत्तर : येथेही क्रिकेटच कारण झाले. आरंभी हा खेळ झाडे असलेल्या मोकळ्या उद्यानात होत असे. पुढे १८७० नंतरच्या दशकात तो क्रिकेटच्या मैदानांवर गेला आणि त्याने त्यांचाच आकार घेतला. क्रिकेटची मैदाने एका मापाची नसतात. म्हणून या फुटबॉलचीही नाहीत. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर, इतकी सवलत नियमांतच आहे. आपल्या क्रिकेटपटूंमुळे ज्याचे नाव आपल्या घरोघरी पोहोचले आहे, ते मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हिवाळ्यात या फुटबॉलचे असते. १९७० सालचा कार्लटन व कॉलिंगवुड यांच्यातील अंतिम सामना तेथे १,२१,६९६ प्रेक्षकांनी पाहिला.

प्रश्न : नेम चुकला तरी गुण मिळतो, हे खरे काय?

उत्तर : खरे आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारला गेला तर तो गोल होतो आणि सहा गुण मिळतात. मधला खांब आणि बाजूचा ठेंगणा खांब यांच्यामधून गेला तर 'बिहाइंड' होतो आणि एक गुण मिळतो. गोल झाला की गोलपंच दोन पांढरी निशाणे हालवितात. बिहाइंड झाला तर एकच. पूर्वी बिहाइंडची नुसती नोंद होत असे, जयपराजयात त्याची गणना नव्हती. १८९६ साली आठ क्लबांनी जुन्या संघटनेतून बाहेर पडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन केली. तिच्या १८९७ सालच्या पहिल्याच हंगामापासून गोलास सहा व बिहाइंडास एक, हा हिशेब सुरू झाला.

या एका गुणाची किंमत किती, हे सेंट किल्डा क्लबला विचारावे. १९६६ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी त्यांच्या बॅरी ब्रीन यांनी मारलेला चेंडू गोलात न जाता बाजूने गेला. तो बिहाइंड झाला आणि सेंट किल्डाने कॉलिंगवुडला ७४ विरुद्ध ७३ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले.

याच्या उलट उदाहरण १९४८ सालचे आहे. अंतिम सामन्यात एसेंडन संघाने ७ गोल आणि तब्बल २७ बिहाइंड केले. मेलबर्नने १० गोल व ९ बिहाइंड केले. हिशेब केला तेव्हा दोघांचेही ६९ गुण भरले. त्या काळच्या नियमाप्रमाणे सामना पुन्हा खेळविण्यात आला आणि मेलबर्न संघ जिंकला. अशी बरोबरी पुढे १९७७ व २०१० साली झाली आणि त्या दोन्ही वेळी सामना पुन्हा खेळावा लागला. २०१६ साली हा नियम बदलून जादा वेळ देण्याचे ठरले.

प्रश्न : सर्वांत शेवटी आलेला संघ कधी विजेता झाला आहे काय?

उत्तर : झाला आहे; १९१६ साली. पहिले महायुद्ध चालू होते आणि तरुण मंडळी आघाडीवर गेली होती. अशा वेळी खेळ चालवावा की नाही, यावर मतभेद होते. शेवटी चारच क्लब मैदानात उतरले. साखळी फेरीच्या बारा सामन्यांपैकी फिट्झरॉय संघाने केवळ दोन जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि नऊ गमावले. त्याचा क्रमांक चौथा, म्हणजे अखेरचा लागला. परंतु अंतिम फेऱ्यांत चार संघ घ्यावयाचे असा नियम होता, आणि संघ तर चारच होते! फिट्झरॉयने पुढील तिन्ही सामने लागोपाठ जिंकून विजेतेपद पटकाविले. एकाच वर्षी शेवटचा आणि पहिला होण्याचा असा मान लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणास मिळालेला नाही.

प्रश्न : हा खेळ आयरिश लोकांनी नेला, असे म्हणतात ते खरे काय?

उत्तर : १८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडल्यानंतर हजारो आयरिश लोक तेथे गेले, हे खरे. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्येही चेंडू हातात घेतात आणि उडी मारून झेलतात, हेही खरे. परंतु सालांकडे पाहावे. आयर्लंडची गेलिक खेळसंस्था १८८४ साली स्थापन झाली आणि गेलिक फुटबॉलचे पहिले नियम १८८५ साली आले. मेलबर्नचे नियम त्याच्या सव्वीस वर्षे आधीचे आहेत. लिखित नियमांवाचून चालणारा ग्रामीण फुटबॉल आयर्लंडमध्ये पूर्वीपासून होता. पण तसा तो इंग्लंडमध्येही होता.

काही लोक तर गंगा उलटी वाहवितात. कॅशेलचे आर्चबिशप टॉमस क्रोक हे गेलिक संस्थेचे पहिले आश्रयदाते होते. डब्लिनचे क्रोक पार्क हे मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते त्यापूर्वी, १८७० ते १८७४ या काळात, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे बिशप होते. तिकडच्या मुक्कामात त्यांनी व्हिक्टोरियाचा खेळ पाहिला आणि त्याची कल्पना मायदेशी नेली, असा हा तर्क आहे. तर्क मनोहर आहे. परंतु त्याला आधार देणारा कागद इतिहासकारांच्या हाती आलेला नाही.

गोव्याच्या वाचकांना येथे एका गोष्टीची आठवण होईल. गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय १८८३ साली शिवोलीस आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंना दिले जाते. आयरिश माणसाने परदेशी खेळ रुजविला, ही घटना आपल्या दाराशी घडली. मेलबर्नच्या बाबतीत मात्र ती सिद्ध होत नाही. दोन्ही देशांच्या खेळांचे नाते जुळले ते फार मागाहून. १९६७ साली ऑस्ट्रेलियाचा एक संघ आयर्लंडला गेला आणि १९८४ पासून दोन्ही खेळांचे नियम एकत्र करून आंतरराष्ट्रीय सामने होऊ लागले. डब्लिनमध्ये वाढलेले जिम स्टाइन्स तर १९९१ साली लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवून गेले.

प्रश्न : मग हा खेळ मुळात तेथील आदिवासींचा होता काय?

उत्तर : हा सर्वांत बिकट प्रश्न आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून व्हिक्टोरियातील मूळ रहिवासी पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू करून खेळत असत. चेंडू पायाने उंच उडवावयाचा आणि ज्याची उडी सर्वांत उंच त्याने तो झेलावयाचा. 'मार्नग्रूक' या नावाने हा खेळ आज ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या लेखकांनी अशा खेळांची वर्णने लिहून ठेविली आहेत; जेम्स डॉसन यांच्या १८८१ सालच्या पुस्तकात असे वर्णन आढळते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची शोभाही उंच उडी मारून घेतलेल्या झेलातच आहे.

शिवाय टॉम विल्स यांचे बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुरुंग आदिवासींच्या सहवासात गेले होते. त्यांची भाषा त्यांना येत होती. तेव्हा बालपणीचा हा खेळ त्यांच्या मनात राहिला नसेल काय, असे अनेकजण विचारतात. उलट पक्षी, विल्स किंवा त्यांचे सोबती यांनी तसे कोठेही लिहून ठेविलेले नाही. नियम करताना त्यांच्यापुढे रग्बी, ईटन, हॅरो अशा इंग्रजी शाळांचे नियम होते आणि विल्स स्वतः रग्बी शाळेचे विद्यार्थी होते. इतिहासकारांत यावर दोन तट आहेत. खेळाच्या मुख्य संस्थेने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने, २०१९ साली मार्नग्रूकचा उल्लेख करून या खेळाचे नाते देशाच्या प्राचीन परंपरेशी असल्याचे जाहीर केले. तरी वाद मिटलेला नाही.

विल्स यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र वादातीत आहे. १८६१ साली क्वीन्सलंडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात त्यांच्या वडिलांसह एकोणीस माणसे मारली गेली. गोऱ्यांनी उगविलेल्या सुडात त्याहून कितीतरी अधिक आदिवासी मेले. असे असता पाचच वर्षांनी, १८६६ साली, हेच विल्स आदिवासींच्या क्रिकेट संघाचे कर्णधार व शिक्षक झाले आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्या संघाला घेऊन मेलबर्नच्या मैदानात उतरले.

खेळाच्या उगमाविषयी कागद मुके आहेत. आदिवासी गड्यांना कसे वागविले गेले, याविषयी ते मुके नाहीत. डग निकल्स हे जेमतेम सव्वापाच फूट उंचीचे, विलक्षण चपळ असे आदिवासी खेळाडू. १९२७ साली ते कार्लटन क्लबकडे गेले असता त्यांच्या वर्णामुळे त्यांना परत फिरावे लागले. पुढे १९३२ साली फिट्झरॉय क्लबने त्यांना घेतले. तेथेही खोलीत ते एका कोपऱ्यात एकटेच बसत. तेव्हा हेडन बंटन हे त्या काळचे अव्वल दर्जाचे खेळाडू उठले आणि निकल्स यांच्या शेजारी जाऊन बसू लागले. बंटन यांनी फक्त आपली जागा बदलली, परंतु निकल्स यांना सोबती मिळाला. हेच निकल्स पुढे पाळक झाले, त्यांनी आपल्या बांधवांच्या हक्कांसाठी जन्मभर काम केले आणि १९७६ साली ते साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचे राज्यपाल झाले.

तरीही दुखणे संपले नव्हते. १७ एप्रिल १९९३ रोजी कॉलिंगवुडच्या मैदानावर प्रेक्षकांनी वर्णावरून शिव्यांचा भडिमार केला, तेव्हा सेंट किल्डाचे निकी विनमार यांनी सामना संपल्यावर अंगातील सदरा वर उचलून आपल्या कातडीकडे बोट दाखविले. १९९५ साली लीगने वर्णावरून अपशब्द काढण्यास बंदी करणारा नियम केला. तथापि २०१५ साली ॲडम गुड्स या, दोनदा ब्राउनलो पदक मिळविलेल्या आदिवासी खेळाडूंना प्रेक्षकांनी सामन्यामागून सामन्यात हिणविले आणि त्याच वर्षी त्यांनी खेळ सोडला. २०१९ साली लीगने व अठराही क्लबांनी त्यांची जाहीर क्षमा मागितली.

आमचे मत असे आहे. खेळ प्रथम कोणाला सुचला, हा वाद इतिहासकारांवर सोपवावा. नवा कागद सापडला तर ते आपले मत बदलतील. परंतु दाराशी आलेल्या गड्याला आत घ्यावयाचे की नाही, हे ठरविण्यास कागद लागत नाही. ते प्रत्येक संघाला आणि प्रत्येक गावाला स्वतःच ठरवावे लागते. आपल्या मैदानावर मुले दोन बाजू पाडतात, तेव्हा शेवटपर्यंत कोण न निवडलेला उभा राहतो आणि का, इकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे, एवढेच आम्ही सुचवितो.