तिसऱ्या नंबरची पोरं आणि आशिया कप

"सर, आपण आशिया कपमध्ये एकदा दुसरे आलो होतो ना?" नववीतल्या एका पोराने विचारलं. गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. आदल्याच रात्री गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, भारत सिंगापूरकडून १-२ हरला होता आणि २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं होतं. पोराला काहीतरी दिलासा हवा होता.

मी हो म्हणालो. मग वाटलं, उत्तर अर्धवट दिलं. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत संघ होते फक्त चार. भारत, इस्रायल, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. अंतिम सामना नव्हताच, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि गुण मोजायचे. शिवाय पात्रता फेरीत आपल्या गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली होती, म्हणजे आपण न खेळताच तिथं पोहोचलो. चुनी गोस्वामींचा तो संघ खरोखर चांगला होता, दोनच वर्षांपूर्वी जकार्त्यात एशियाडचं सुवर्ण जिंकून आलेला. कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवलं, ते काही फुकटात नाही. पण "आशियात दुसरे" म्हणताना "चारांत दुसरे" हेही सांगायला हवं. व्हॉट्सॲपवर ते कुणी सांगत नाही.

१९५६ ला हाँगकाँगमध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हाही चारच संघ होते. १९६८ ला पाच, १९७२ ला सहा, आणि त्याच वर्षी पहिल्यांदा अंतिम सामना. १९८० ला दहा, १९९६ ला बारा, २००४ ला सोळा आणि २०१९ पासून चोवीस. १९८४ ला दहांत आपणही होतो. एक बरोबरी, गोल शून्य.

चोवीसचा निर्णय झाला तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चार पुढे जाणार, म्हणजे ही फुटबॉलची एटीकेटीच, असा सूर होता. स्टाफरूममध्ये आम्हीही हेच बोलतो: सगळ्यांनाच वर ढकललं तर दर्जा राहणार कसा?

माझं मत वेगळं आहे, आणि ते दोहातल्या स्पर्धेने पक्कं केलं. २३ जानेवारी २०२४ ला पॅलेस्टाईनने हाँगकाँगला ३-० हरवलं. आशिया कपमधला त्यांचा हा पहिलाच विजय. गाझावर बॉम्ब पडत होते, आणि ही पोरं आपल्या माणसांच्या खबरबातीची वाट पाहत मैदानात उतरत होती. गटात ती तिसरी आली. जुन्या सोळाच्या पद्धतीत त्याच संध्याकाळी सामान बांधावं लागलं असतं. नव्या पद्धतीने त्यांना बाद फेरीत नेलं, आणि तिथं यजमान कतारविरुद्ध पहिला गोल त्यांनीच केला. हरले १-२. जॉर्डनही गटात तिसराच होता. तो इराक, ताजिकिस्तान आणि दक्षिण कोरियाला हरवून थेट अंतिम सामन्यात गेला. आता याला ग्रेस मार्क म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दार उघडं ठेवण्याचा फायदा आपणही घेतलाय. दुबळ्या देशांसाठी एएफसी चॅलेंज कप नावाची वेगळी स्पर्धा होती. जिंकेल त्याला आशिया कपचं तिकीट. २००८ ला अंतिम सामन्यात सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकवर आपण ताजिकिस्तानला ४-१ हरवलं आणि २०११ च्या आशिया कपला गेलो. २०१४ ला त्याच दाराने पॅलेस्टाईन आत आलं. त्यानंतर ती स्पर्धा बंद झाली.

पण दार उघडणं वेगळं आणि आत चालत जाणं वेगळं. ज्या ताजिकिस्तानला आपण चार गोल घातले, तो २०२४ ला पहिल्यांदाच आशिया कप खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. आपण त्याच स्पर्धेत तिन्ही सामने हरलो, एकही गोल न करता. आणि आता चोवीसांतही नाही. बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्या गटात पहिलं यायचं होतं, तेवढंच.

त्या पोराला हे सगळं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग सर, तेव्हा बाकीच्यांनी माघार का घेतली?" घंटा झाली. त्या 'का'साठी मला इतिहासाचा एक अख्खा तास लागणार आहे.