जुन्या संगणकात भर घालावी की तयार गेमिंग संच घ्यावा?

नाशिकच्या चौक मंडईपासून वडाळ्यापर्यंत, व्यापारी घरांत हल्ली एक वाद वरचेवर होतो. मुलगा म्हणतो, घरचा संगणक गेम ओढत नाही, नवा गेमिंग पीसी घ्या. बाप म्हणतो, आहे त्यातच काही भर घालून भागत नाही का? मुलगा मोबाईलवर लाखाच्या घरातला संच दाखवतो आणि किमतीखाली लिहिलेला महिन्याचा हप्ताही दाखवतो. बापाला यंत्रातले कळत नाही, मुलाला हिशोबातले कळत नाही, आणि शेवटी निर्णय विक्रेताच करून टाकतो. रक्कम लहान नसते. ती दुकानाच्या भांडवलातून किंवा कारागिराच्या अडीअडचणीच्या शिलकीतून निघते. म्हणून व्यापाराच्या पानावर या विषयाची चर्चा होणे गरजेचे आहे.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. जुन्या यंत्राची चौकट धड असेल तर आधी त्यातच भर घालावी. चौकटच कालबाह्य झाली असेल तर नवा संच घ्यावा. आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी ते व्याजाच्या हप्त्यावर करू नये.

मागाचा तजुर्बा

आपल्या कारागीर बांधवांना हा प्रश्न नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावच्या विणकरांपुढे तो फार आधी येऊन उभा राहिला. केंद्र सरकारने १९९९ मध्ये वस्त्रोद्योगासाठी तंत्रसुधारणा निधी योजना आणली, तिचा मोठा भाग नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजात सवलत देण्याचा होता. पुढे २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साधा माग आहे त्याच जागी सुधारण्यासाठी अनुदान ठेवले गेले. ताण्याचा धागा तुटताच माग थांबवणारे साधन, बाण्याचा धागा तुटताच थांबवणारे साधन, चांगला ब्रेक, रॅपियरचे किट असे जोडसाहित्य जुन्याच मागावर बसवायचे, अशी ती कल्पना.

जाणता विणकर अशा वेळी आधी किटचा भाव विचारत नाही. तो मागाची चौकट पाहतो. चौकट सरळ आणि मजबूत असेल तर किटचे पैसे वसूल होतात. चौकटच हलत असेल तर त्यावर भारी किट बसवूनही कापडात दोष येतच राहतो. संगणकाचा हिशोब असाच आहे. फरक एवढाच की मागाची चौकट डोळ्यांना दिसते आणि संगणकाची चौकट, म्हणजे मदरबोर्ड, डब्यात झाकलेली असते.

आधी दोष शोधा

गेम अडकत चालतो याची कारणे वेगवेगळी असतात. कारण न शोधता भाग बदलणे म्हणजे मापे न घेता कापड फाडण्यासारखे आहे. ही तपासणी फुकट आहे. गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोणता भाग किती राबतो आहे ते दिसते. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांजवळ आणि प्रोसेसर निम्म्यावर असेल तर कार्ड कमी पडते. प्रोसेसर भरलेला आणि कार्ड रिकामे असेल तर नवे कार्ड घेऊन उपयोग नाही. रॅम भरून जात असेल तर रॅम वाढवावी. ती सारख्या दोन पट्ट्यांत घेतल्यास एका पट्टीपेक्षा बरे काम देते. संगणक सुरू व्हायलाच वेळ लावत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवावी. थोड्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही.

चौकट कशी तपासावी

यासाठी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते पाहावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. काही ऑनलाइन गेम तर सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतही नाहीत.

आता समजा घरी इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक आहे. आठव्या पिढीचा प्रोसेसर आणून त्यात बसवू म्हटले तर तो चालत नाही. दोघांच्या सॉकेटचे नाव एकच असले तरी बोर्ड वेगळा लागतो. अशा संगणकात महागडे कार्ड घालणे म्हणजे हलत्या मागाला किट लावणे होय. उलट २०१७ पासून आलेला एएमडी रायझनचा एएम४ बोर्ड असेल तर बायोस अद्ययावत करून बहुतेक बोर्डांवर २०२२ पर्यंत आलेले बरेच प्रोसेसर चालतात. असा संगणक टाकून देणे हा इस्राफ आहे. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर आणि कार्ड बदलले की तो आणखी काही वर्षे उत्तम चालतो.

दुसरी तपासणी एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची. कॅबिनेटबरोबर स्वस्तात आलेल्या डब्यावर मोठे कार्ड चालवू नये. तो डबा जळाला तर सोबत इतर भागही घेऊन जाऊ शकतो. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॉटपर्यंत वीज घेते, आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉट. दोन्हींसाठी कंपनीने ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस सुचवला आहे. कार्यालयांतून निघालेले नामांकित कंपन्यांचे छोटे संगणक आपल्याकडे सेकंडहँड मिळतात. त्यांत अनेकदा वेगळ्याच घडणीचा लहान एसएमपीएस असतो आणि कॅबिनेटमध्ये मोठे कार्ड मावतही नाही. तेथे बोर्डाच्या खाचेतूनच ७५ वॉटपर्यंत वीज घेऊन चालणारे कार्ड, जसे जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स, एवढीच मर्यादा समजावी.

जुने कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली, त्याचे कार्डांवर चालणारे मायनिंग बंद पडले, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात विक्रीला आली. म्हणून चालवून पाहिल्याशिवाय आणि बिल व शिल्लक हमी पाहिल्याशिवाय जुने कार्ड घेऊ नये.

तयार संचाची बाजू

तयार संच घेणारे सगळेच भोळे असतात असे आम्ही म्हणत नाही. त्यात एक मोठी सोय आहे. हमी एकाच दाराची असते. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले आणि संच बंद पडला, तर कार्डवाला बोर्डकडे बोट दाखवतो, बोर्डवाला एसएमपीएसकडे. आपल्यातील पुष्कळजण पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, लॅमिंग्टन रोडवरून भाग घेऊन त्याच संध्याकाळी परततात. दोन पैसे वाचतात हे खरे. पण हमीसाठी पुन्हा तीच वारी करावी लागली तर तिकीट आणि बुडालेला दिवसही किमतीत धरावा. नाशिकच्याच विक्रेत्याकडे चार पैसे जास्त देणे कित्येकदा स्वस्त पडते.

मात्र तयार संचाच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि कार्ड ही दोनच नावे ठळक असतात. आपण कापडवाले आहोत. वरचे थान बघून गाठोडे उचलणारा व्यापारी किती दिवस टिकतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणून चार गोष्टी लिहून मागाव्यात. बोर्ड कोणता, एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आणि किती वॉटचा, रॅम एका पट्टीत की दोन, आणि पुढे भाग बदलला तर हमी राहील की जाईल. विक्रेता हे लिहून देत नसेल तर तो सौदा सोडावा.

भावाचाही अंदाज जुन्या आठवणीवर बांधू नये. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडे वळवले हे त्याचे मुख्य कारण. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल या नावाने ग्राहकांना माल विकण्याचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात घरातील चांगली रॅम हीच ठेव असते. आणि कधी उलटही होते, विक्रेत्याकडे जुन्या भावाचा तयार संच पडलेला असतो आणि तो सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त बसतो. म्हणून दोन्ही बाजूंचे भाव त्याच दिवशी कागदावर मांडावेत.

हप्ता आणि बिल

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी, असा समज आपल्या मोहल्ल्यांतून पसरला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही. सहसा होते असे की बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता आधी देतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावर जीएसटीही पडतो. म्हणजे करार व्याजाचाच राहतो. कुरआनने व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवले आहे, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. मग माल घेताना पाळलेला नियम मुलाच्या हौसेपुढे सैल का व्हावा? पैसे कमी असतील तर लिलाव नसलेली भिशी आहे, नातेवाइकांतले कर्जे-हसना आहे, आणि सर्वांत सोपे म्हणजे थांबणे आहे. सुधारणेचा मोठा फायदा येथेच दिसतो. या महिन्यात एसएसडी, ईदनंतर एसएमपीएस, मग कार्ड, असे रोखीने टप्प्याटप्प्याने घेता येते. तयार संच असा तुकड्यांनी घेता येत नाही.

दुसरी गोष्ट बिलाची. संगणकावर जीएसटी १८ टक्के आहे. समजा संचाची मूळ किंमत ८० हजार, तर कर १४,४०० रुपये आणि एकूण ९४,४०० रुपये. दुकानाच्या हिशोबासाठी किंवा डिझाइनच्या कामासाठी संगणक घेतला तर नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हा कर वजा मिळतो. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना तो मिळत नाही. परंतु घरच्या खेळासाठी घेतलेला संच फर्मच्या नावावर दाखवून कर वजा घेणे कायद्यातही बसत नाही आणि आपल्या ईमानातही बसत नाही. तसेच कच्च्या बिलावर हजार-दोन हजार वाचवणाऱ्याची हमी त्याच दिवशी संपते, हेही विसरू नये.

मुलांच्या हाती हत्यार द्या

खेळाविषयी थोडेच लिहितो. किती वेळ खेळावे हे आईबापांनी ठरवावे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा जुगार आहे, आणि त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीही आली आहे. त्याबाबत घरात सवलत नसावी.

परंतु मुलाची हौस नुसती झिडकारूनही टाकू नये. त्याच्याकडूनच भागांची यादी, भाव आणि हमीचा तक्ता लिहून घ्यावा. जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली एसएसडी आणि रॅम त्यालाच बसवू द्यावी. आपल्या समाजात हातात हुन्नर असलेली मुले कमी नाहीत. मागाचा, मोटारीचा, मोबाईलचा मेकॅनिक आपल्याच गल्लीत मिळतो. ज्या मुलाने बापाच्या पैशाचा हिशोब ठेवून घरचा संगणक स्वतः सुधारला, तो उद्या चार दुकानांचे संगणकही सांभाळू शकेल. तयार डबा घरी आणला तर खेळ मिळेल, पण हा धडा मिळणार नाही. इन्शाअल्लाह, आमचे बांधव खरेदीआधी एक संध्याकाळ मुलाबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसतील, एवढीच अपेक्षा.