पहिली दुआ मुसाफिरासाठी

रमजानच्या रोजातून ज्यांना सवलत आहे, त्यांत आजारी माणसाबरोबर मुसाफिर, म्हणजे प्रवासी येतो. प्रवासात रोजा सोडण्याची मुभा आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. चार रकातची नमाज प्रवासात दोन रकातची होते. जकात कोणाला द्यायची याचे जे आठ वर्ग ठरलेले आहेत, त्यांतला एक वाटेत अडकलेल्या प्रवाशाचा आहे. घरी तो सुखवस्तू असेल, पण परक्या मुलखात त्याचा हात रिकामा झाला असेल, तर जकातीवर त्याचाही हक्क आहे. घरापासून दूर असलेला माणूस दुबळा असतो, म्हणून त्याला सांभाळा, असा या साऱ्या नियमांचा साधा अर्थ.

ज्या धर्मात प्रवाशाला एवढे जपले आहे, त्या धर्माचे नाव घेऊन, नेमक्या रमजानच्या महिन्यात, प्रवाशांनी भरलेले एक विमान पळवले गेले होते. या गोष्टीला आता पंचवीस वर्षे उलटून गेली. तरीही रमजान आला की मला ती आठवते आणि स्वतःविषयीचा एक प्रश्न पुन्हा पुढे उभा राहतो.

२४ डिसेंबर १९९९. शुक्रवारचा दिवस, रमजान निम्म्यावर आलेला. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ हे विमान संध्याकाळी पाच जणांनी ताब्यात घेतले. धुळ्यात आमच्या घरी त्या वेळी इफ्तारची तयारी चालली होती. खजूर, केळी आणि भजी ताटात मांडून आम्ही अजानची वाट पाहत होतो. विमान सातच्या सुमारास अमृतसरला उतरले, तिथून लाहोर, मग दुबई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अफगाणिस्तानातले कंदहार. दुबईत २७ प्रवाशांना सोडण्यात आले. त्यांच्याबरोबर रूपिन कात्याल या तरुणाचा मृतदेहही खाली उतरवण्यात आला. वय पंचवीस, नुकतेच लग्न झालेले. नवराबायको नेपाळ फिरून परतत होते. त्याची पत्नी त्याच विमानात होती आणि तिला पुढचे कित्येक दिवस तिथेच बसून काढावे लागले.

मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. तरावीहची नमाज झाल्यावर मशिदीच्या दाराशी आम्ही पोरे घोळक्याने उभी होतो. बातमी पसरली होती. ‘कौन लोग हैं?’ हा एकच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता. कोणी काश्मीरचे नाव घेत होते, कोणी दुसरेच काही सांगत होते. मी घरी आलो, रेडिओ लावला आणि मनातल्या मनात दुआ मागितली, ‘या अल्लाह, ती नावे आपल्यातली नसू देत.’

अब्बा एसटीत कंडक्टर होते. त्या रात्री ते शेवटची फेरी करून उशिरा आले. रोजा त्यांनी गाडीतच पाणी आणि खजुरावर सोडला होता. जेवायला बसताना मी त्यांना विमानाची बातमी सांगितली. त्यांनी विचारले, ‘बच्चे कितने हैं उसमें?’ मी म्हणालो, ते माहीत नाही. पण करणारे कोण आहेत तेही अजून कळलेले नाही. त्यांनी हात थांबवला. ‘वो बाद में,’ ते म्हणाले. ‘पानी-वानी मिल रहा है क्या उनको?’

ज्याने तिकीट काढले तो मुक्कामी पोहोचेपर्यंत कंडक्टरची अमानत, एवढे साधे गणित त्यांच्या डोक्यात होते. रात्री आडफाट्यावर एखादी बाई एकटी उतरली, तर तिच्या घरचे कोणी न्यायला येईपर्यंत ते डबल बेल देत नसत. गाडी उशिरा पोहोचली तर वरून बोलणीही खात. त्यामुळे विमान म्हटल्यावर त्यांना आधी आतली माणसे दिसली. मला मात्र आधी नावे दिसली होती.

मला आणि मशिदीच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मित्रांना नावाचीच काळजी का पडावी, याला कारणे होती. १९९२-९३ च्या आठवणी ताज्या होत्या. कुठेही काही घडले की दुसऱ्या दिवशी वर्गात, दुकानात, बसमध्ये आपल्याकडे नजरा वळतात, हे आम्हाला ठाऊक होते. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीने माझ्यापासून काहीतरी हिरावून घेतले होते. दीडशेहून अधिक माणसे जीव मुठीत धरून बसलेली असताना रोजेदाराची पहिली दुआ त्यांच्यासाठी निघाली नाही. ती स्वतःची अब्रू वाचावी म्हणून निघाली. हे लिहिताना आजही मला संकोच वाटतो.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवले जाते की तिघांची दुआ अल्लाह परतवत नाही: मजलूमाची म्हणजे ज्याच्यावर जुलूम झाला त्याची, मुसाफिराची आणि लेकरासाठी दुआ करणाऱ्या आईबापाची. मजलूमाची दुआ कबूल होण्यासाठी त्याचा धर्म पाहिला जात नाही, असेही उलेमा सांगत आले आहेत. मग कंदहारच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या त्या विमानाकडे पाहा. आतली माणसे मुसाफिर होती आणि मजलूमही होती. लेकरांना पोटाशी धरून बसलेले आईबापही त्यांत होते. ज्यांची दुआ सर्वांत आधी ऐकली जाते, त्यांच्याच विरोधात ही पाच माणसे शस्त्रे घेऊन उभी होती.

त्यांच्या मागण्यांचा किस्सा तर आणखी बोलका आहे. पस्तीसहून अधिक कैद्यांची सुटका, वीस कोटी डॉलर आणि भारतात मारल्या गेलेल्या त्यांच्या एका साथीदाराचा पुरलेला मृतदेह, असे सुरुवातीला मागण्यात आले होते. कंदहारमध्ये तेव्हा तालिबानची सत्ता होती. पैसे मागणे आणि कबर उकरणे इस्लामला धरून नाही, असे तालिबानकडून सांगण्यात आल्यावर त्या दोन मागण्या मागे पडल्या. कबरीतल्या मृताचा हक्क त्यांना आठवला, आणि विमानातल्या जिवंत माणसांचा हक्क मात्र कोणाला आठवला नाही. धर्म सोयीपुरता वापरला की त्याची अशी अवस्था होते.

अखेर ३१ डिसेंबरला तीन कैदी सोडून ओलिसांची सुटका झाली. परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह त्या तिघांना घेऊन स्वतः कंदहारला गेले. त्या तिघांतल्या मसूद अझहरने २००० मध्ये जैश-ए-मोहम्मद ही संघटना काढली. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. सरकारने त्यासाठी जैश आणि लष्कर-ए-तैयबाला जबाबदार धरले. तो महिनाही रमजानचाच होता. त्या हल्ल्यात सुरक्षा कर्मचाऱ्यांबरोबर संसदेच्या बागेत काम करणारा एक माळीही मारला गेला.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते, ‘हे लोक मुसलमानच नव्हेत.’ मीही ते अनेकदा म्हटले आहे. पण त्याने आपली सुटका होत नाही. त्या पाचांपैकी ‘डॉक्टर’ म्हणवणारा ओलिसांना इस्लामवर व्याख्याने देत असे, असे सुटून आलेल्या प्रवाशांनी सांगितले आहे. कुठल्या तरी तक्रारीचा, कुठल्या तरी अन्यायाचा दाखला प्रत्येक अपहरणकर्ता देतो. एखादी तक्रार खरीही असू शकते. पण तिचा हिशेब वाटेवरच्या माणसाकडून वसूल करण्याची परवानगी आपल्या शरीयतने कोणालाही दिलेली नाही. उलट रस्ता अडवून प्रवाशांना लुटणाऱ्या आणि मारणाऱ्यांसाठी इस्लामी कायद्यात अतिशय कठोर शिक्षा आहेत. हे आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे का? रोजा कशाने तुटतो याचे बारीक मसले आपण पाठ करून घेतो. मुसाफिराचा हक्क मारला तर काय तुटते, हे जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकले, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

२०२४ मध्ये या अपहरणावरची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि देशभर वाद झाला. जळगावला मी शिकवतो त्या महाविद्यालयातही तो पोहोचला. मराठीच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, अतिरेक्यांची नावे भोला आणि शंकर कशी दाखवली?’ वर्ग शांत झाला. पुढच्या बाकावरच्या दोन मुस्लिम मुली वहीत पाहू लागल्या. मी खरे ते सांगितले. चीफ, डॉक्टर, बर्गर, भोला आणि शंकर अशी टोपणनावे ते विमानात एकमेकांसाठी वापरत होते आणि गृहमंत्रालयाने ६ जानेवारी २००० च्या निवेदनात ती दिली होती. त्यांची खरी नावे मुस्लिम होती, तीही त्याच निवेदनात आहेत. वादानंतर ती मालिकेच्या सुरुवातीला दाखवली जाऊ लागली. मग मी वर्गाला विचारले, ‘त्या विमानात जो मारला गेला, त्याचे नाव कोणाला सांगता येईल?’ एकाही मुलाला सांगता आले नाही. विचारणाऱ्याला नाही आणि वहीत पाहणाऱ्या मुलींनाही नाही.

मारणाऱ्याच्या नावाभोवती आपण सगळे फिरत राहतो आणि मरणाऱ्याचे नाव पुसले जाते. हे दोन्ही बाजूंनी होते. धुळ्याहून एसटीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या मालेगावात २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री भिक्कू चौकात स्फोट झाला. तोही रमजान होता, ईद दोन-तीन दिवसांवर आली होती. सहा माणसे गेली. आरोपी कोण, कोणत्या धर्माचे, यावर जवळपास सतरा वर्षे वाद झाले. २०२५ च्या जुलैमध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, त्यावरही वाद झाला. पण मेलेल्या त्या सहा जणांची नावे मालेगावबाहेर किती जणांना माहीत आहेत? आपल्या मृतांसाठी इतरांनी हळहळावे असे आपल्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. मग कंदहारच्या प्रवाशांसाठी आपली हळहळ आधी निघायला हवी होती.

नाव न पाहता माणूस वाचवणारेही असतात. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीच्या विमानतळावर चार बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतले. प्रवाशांतले अमेरिकी कोण हे हुडकण्यासाठी त्यांनी सर्वांचे पासपोर्ट गोळा करायला लावले. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत आणि तिच्या सहकारी मुलींनी अमेरिकी पासपोर्ट लपवून टाकले. निवड करायला कागदच उरला नाही. जवळपास सतरा तासांनी गोळीबार सुरू झाला, वीसहून अधिक माणसे मारली गेली. प्रवाशांना बाहेर काढता काढता नीरजाही गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. भारताने तिला अशोकचक्र दिले, पाकिस्ताननेही तिचा गौरव केला. अमानत म्हणजे काय, ते त्या मुलीने करून दाखवले. तो दिवस आपल्याकडे शिक्षकदिन असतो. मी दरवर्षी त्या दिवशी वर्गात तिची गोष्ट सांगतो.

माझ्या गैरमुस्लिम वाचकांना एकच विनंती आहे. अशी घटना घडली की शेजारच्या मुसलमानाकडे निषेधाचे पत्र मागण्याआधी त्याच्याबरोबर थोडे दुःख करा. निषेध मागितला की माणूस स्वतःला वाचवू लागतो. दुःखात सोबत घेतले की तो मोकळा होतो. माझ्या मुस्लिम भावाबहिणींना विनंती थोडी वेगळी आहे. कोणी मागो वा न मागो, आपली पहिली दुआ जे सापडले त्यांच्यासाठी निघू द्या. आपल्यावर संशय येईल का, ही काळजी खरी आहे. ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

आज इफ्तारच्या वेळी भुसावळ-जळगावच्या रुळांवरून माणसांनी भरलेल्या गाड्या धावत असतील. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक आणि बसची रांग असेल. कोण कोणत्या धर्माचा, आपल्याला माहीत नाही. अजान होण्याआधीचे ते दोन क्षण दुआ कबूल होण्याचे असतात. अब्बा आता नाहीत, पण ते असते तर त्या क्षणात काय मागत होते ते मला माहीत आहे: जो रस्त्यात आहे, तो सुखरूप घरी पोहोचू दे. आज मीही तेच मागणार आहे.