रुळांचा सांधा

छंद आणि व्यवहार यांचे फारसे पटत नाही, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. मासे पाळणाऱ्याला ते खायचे नसतात आणि तिकिटे जमविणाऱ्याला पत्रे पाठवायची नसतात. पण या सर्वांवर ताण करणारी एक जात आहे. हे गृहस्थ टेबलावर धावणारी आगगाडी बाजारातून आणतात आणि रूळ मात्र घरी करतात! “अहो, विकत मिळतात ना?” हा प्रश्न त्यांच्या घरी रोज विचारला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या वतीने आज आपण देऊ.

या छंदाचे माहेर इंग्लंड. तेथे एक गंमत होऊन बसली आहे. छोट्या इंजिनात मोटर मावेना, म्हणून इंजिनाचा आकार एका फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात वाढविला. रुळांमधले अंतर मात्र पूर्वीचेच, १६.५ मिलिमीटर ठेवले. खऱ्या रुळांमधले अंतर ४ फूट ८॥ इंच. हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर व्हायला हवे. म्हणजे खऱ्या मापात सात इंचांची काटकसर झाली! लठ्ठ माणसाने अंगापेक्षा दोन नंबर लहान जोडा घालावा, तशी ही गाडी दिसते. बहुतेकांना ते खटकत नाही. ज्यांना खटकले, त्यांनी हाती कानस घेतली.

सामान अगदी साधे. जर्मन सिल्व्हरचे बारीक रूळ आणि तांब्याचा पातळ पत्रा चिकटविलेल्या पट्ट्या. साडेआठ फुटी स्लीपर म्हणजे ३४ मिलिमीटरचा तुकडा. कागदावर आराखडा काढून त्यावर हे तुकडे मांडायचे, प्रत्येकाच्या तांब्यात मध्ये एक चीर पाडायची (नाहीतर दोन्ही रुळांतली वीज एकमेकींना भेटते आणि गाडी जागच्या जागी थांबते), मग एक रूळ डाखायचा आणि मापाची पट्टी धरून दुसरा. सरळ मार्ग असा एका संध्याकाळी होतो.

खरी परीक्षा सांध्याची. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या दोन पात्या सुरीच्या धारेसारख्या घासाव्या लागतात, तरच त्या शेजारच्या रुळाला चिकटून बसतात. पुढे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तेथे त्यांची टोके कानशीने तासून बाणाच्या टोकासारखी जुळवायची. या टोकापाशी चाकाची कड जाण्यापुरती, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरची फट असते. त्या फटीत चाकाला वाट दाखवणारे कोणी नसते. मग ते भरकटत कसे नाही? पलीकडच्या रुळाशेजारी एक आखूड रूळ बसविलेला असतो. तो त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाला आतून धरून ठेवतो आणि पहिले मुकाट्याने सरळ जाते. संसारातही एकाला वळणावर ठेवायचे तर पुष्कळदा दुसऱ्यालाच धरावे लागते. पण तो विषय निराळा.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला ‘सांधा’ हा शब्द ऐकला की ‘संधी’ आठवते, आणि ते खरेच आहे. शब्द तिथूनच आला. वर्गात आम्ही संधी आणि विग्रह निरनिराळे शिकवतो. रुळांवर मात्र तीच एक जागा इकडून येणाऱ्या गाडीला दोन वाटा फोडून देते आणि तिकडून येणाऱ्यांना एका वाटेवर आणते. ते किमयेचे काम बोटांनी करून पाहावे, एवढाच या माणसाचा हट्ट.

आपल्याकडे तर त्या हट्टाला आणखी एक कारण आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे १:८७ प्रमाणातल्या गाड्या पाहून मुले घरी येतात आणि “आपली गाडी करू या” म्हणतात. आपली गाडी! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ५ फूट ६ इंचांच्या रुंद मार्गावरून गेली. इंग्रजी ४ मिलिमीटरच्या प्रमाणात हे अंतर बरोबर २२ मिलिमीटर होते. १६.५च्या तयार रुळांवर ती बसवायची, तर तिला खऱ्या मापात सोळा इंचांहून अधिक आवळावे लागेल. मग ती आपली गाडी कसली?

तेव्हा विकत काय मिळते ते पाहून आपली हौस कापायची, की हौसेच्या मापाने रूळ करायचे, एवढाच प्रश्न उरतो. ज्या घरात याचे दुसरे उत्तर निवडले गेले असेल, तेथील मंडळींनी या दिवाळीत फराळाच्या वासाबरोबर डाखाचाही वास गोड मानून घ्यावा.