टोचणारा आवाज आणि शिकणारा कान

दोन-तीन महिन्यांची बचत खर्चून घेतलेला हेडफोन घरी येतो. खोका उघडला जातो, आवडीचं गाणं लागतं आणि दोन मिनिटांतच तोंड वाकडं होतं. झांजेचा आवाज सुईसारखा कानात शिरतो, गायिकेचा प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा वाजतो, तंतुवाद्यांची धार नको तितकी चढते. याहून जुना हजार-बाराशेचा इअरफोनच गोड वाजत होता, असं वाटू लागतं. मग दुकानदार किंवा एखादा जाणकार मित्र धीर देतो, ‘नवा आहे, अजून मोकळा झालेला नाही. शंभर-दोनशे तास वाजू दे, आपोआप मऊ होईल.’ हेडफोन रात्र-रात्र वाजत ठेवला जातो. तीन आठवड्यांनी आवाज खरोखरच मऊ वाटतो आणि सल्ला देणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

अनुभव खरा असतो, त्याचं दिलेलं कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचं असतं. तीन आठवड्यांत बदललेला असतो तो हेडफोन नव्हे, ऐकणारा. हा वाद शौकिनांपुरता असता तर सोडून देता आला असता. पण कानाला एखादा आवाज सवयीचा होणं आणि कान थकून बधिर होणं या दोन गोष्टी वरवर सारख्याच वाटतात. त्यांतला फरक न कळल्यास किंमत मोजावी लागते ती खिशाला नव्हे, कानाला.

आधी हा ‘ब्राइट’ आवाज म्हणजे काय ते पाहू. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकतो. पियानोची सर्वांत उंच पट्टी ४,१८६ हर्ट्झची असते. म्हणजे गाण्यातले जवळपास सगळे मूळ स्वर याच्या खालीच संपतात. त्याच्या वरच्या भागात असतात ते स्वरांचे उपस्वर, टाळ-झांजांची किणकिण, तारेवर नखी लागल्याचा आवाज, गायकाचा श्वास आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांचा घर्षणध्वनी. हा भाग उठावदार झाला की आवाज खणखणीत वाटतो, आणखी वाढला की कर्कश.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांना हे शिकवावं लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली दोरा सरकवून ते जवारी काढतात. तार घोडीला किती निसटती स्पर्श करते त्यावर उपस्वर किती फुलतात ते ठरतं. खुली जवारी झळाळते, बंद जवारी घुमी वाटते. दोन्हींना चाहते आहेत. चकाकी हा काही दोष नव्हे. किती हवी आणि कोणाच्या कानाला, हा प्रश्न आहे.

हेडफोनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची आणि एका टोकाला पडद्याने बंद असते. त्यामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी ती स्वतःच मोठे करते. कानाच्या पाळीच्या घड्याही ध्वनीला आपापल्या परीने वळण देतात. समोर बसलेल्या गायकाचा आवाज या सगळ्यातून गाळून पडद्यापर्यंत पोहोचतो. हेडफोन कानाला चिकटून वाजत असल्याने ही नैसर्गिक प्रक्रिया बदलते आणि निर्मात्याला त्या भागाचा उठाव हिशेबाने भरून काढावा लागतो. तो हिशेब सरासरी कानाचा असतो आणि सरासरी कान कोणाच्याच डोक्यावर नसतो. म्हणूनच एकच हेडफोन एकाला स्वच्छ वाटतो, तर दुसऱ्याला टोचतो. वयाचाही वाटा असतो. पन्नाशीनंतर बहुतेकांचे वरचे ध्वनी हळूहळू कमी होत जातात, त्यामुळे बापाला गोड लागणारा हेडफोन मुलाला असह्य वाटू शकतो.

काही वेळा उठाव हेडफोनमध्येच जास्त असतो. सेनहायझरचा ‘एचडी ८००’ हा २००९ मधला नावाजलेला हेडफोन याचं जुनं उदाहरण. स्पष्टतेसाठी त्याचं कौतुक झालं, पण ६,००० हर्ट्झच्या आसपासचा त्याचा उंचवटा अनेकांना खटकला. पुढे ‘एचडी ८०० एस’ ही सुधारित आवृत्ती आली, तेव्हा त्यात हा उंचवटा शोषून घेणारी रचना बसवण्यात आली. निव्वळ वाजवून तो उंचवटा जाणार असता, तर कारखान्याला हे कष्ट घ्यावे लागले नसते.

नवा पडदा वाजून सैल होतो या समजुतीत तथ्याचा अंश आहे, पण तो अगदी लहान. मोजमापांत नव्या आणि अनेक तास वाजलेल्या हेडफोनमधला फरक आढळलाच तर तो इतका किरकोळ असतो, की हेडफोन डोक्यावर थोडा पुढे-मागे सरकवल्यावर त्याहून मोठा फरक पडतो. गादीचा स्पंज काही महिन्यांत दबतो आणि त्याने आवाज बदलतो, हे मात्र खरं. तरीही ‘दोनशे तास वाजू द्या’ या सल्ल्याचा सर्वाधिक फायदा विकणाऱ्याला होतो. दोनशे तास पुरे होईपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत टळून गेलेली असते.

मग मऊपणा येतो कुठून? मेंदूतून. नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठात पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक सुंदर प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी चार प्रौढांच्या कानांच्या पाळ्यांत साचे बसवून पाळीचा आकारच बदलला. आवाज वरून येतो की खालून, हे ओळखण्यासाठी मेंदू पाळीच्या घड्यांनी दिलेल्या खुणा वापरतो. त्या बदलताच ही माणसं गोंधळली. साचे तसेच ठेवून रोजचे व्यवहार सुरू राहिले आणि काही आठवड्यांत नव्या कानांनीही त्यांना दिशा बऱ्यापैकी कळू लागली. खरी गंमत पुढेच आहे. साचे काढल्यावर जुन्या कानांची ओळख लगेच परतली. घरी मालवणी आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलणारा माणूस जशी एक बोली शिकताना दुसरी विसरत नाही, तसंच मेंदूने नवं शिकताना जुनं पुसलं नव्हतं.

नव्या हेडफोनचंही असंच काहीसं होतं. वर्षानुवर्षं दबक्या आवाजाच्या इअरफोनवर ऐकलेल्या माणसाच्या मेंदूने तोच आवाज ‘नेहमीचा’ मानलेला असतो. नवा हेडफोन त्या मापाने कर्कश ठरतो. रोज थोडं थोडं ऐकलं की माप हळूहळू सरकतं. ते सरकल्याची खूण सोपी आहे. जुना इअरफोन पुन्हा लावला तर तोच आता घोंगडं पांघरून गायल्यासारखा वाटतो.

धोका आहे तो याच टप्प्यावर. आवाज मऊ वाटण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे कान थकवण्याचा. आतल्या कानातल्या शंखाकृती नलिकेत जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. उंच ध्वनी टिपणाऱ्या पेशी नलिकेच्या दाराशीच असतात. मोठ्या आवाजाचा मारा झाला की त्या थकतात आणि काही तास ते दिवसभर वरचे ध्वनी कमी ऐकू येतात. मिरवणुकीत भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांजवळून घरी आल्यावर कानांत कापूस भरल्यासारखं वाटतं, ते याचमुळे. हेडफोन मोठ्याने लावून दोन तास ऐकल्यावर आवाज ‘बसला’ असं वाटलं, तर तो कदाचित बसलेला नसतो. कान बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ऐकू पूर्ववत आलं की झालं, असंही म्हणता येत नाही. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की आवाजाच्या माऱ्यानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशी शाबूत राहिल्या, तरी त्या पेशी आणि श्रवणमज्जा यांना जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटलेले होते. माणसांत हे नुकसान किती होतं यावर अजून संशोधन सुरू आहे. मात्र आपल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, याबद्दल वाद नाही.

चमकदार हेडफोन इथे आणखी एक सापळा लावतो. त्यात खर्ज तुलनेने कमी वाटतो आणि हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज मुळातच कमी जाणवतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून भरदारपणा यावा यासाठी बोट आपसूक आवाज वाढवण्याकडे जातं. खर्जाबरोबर टोचणारा भागही तितकाच वाढतो आणि कान सवयीऐवजी थकव्याकडे ढकलला जातो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा सोपी आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम ४ तास. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज चढवणाऱ्याचे हे ४ तास बुधवारपर्यंतही पुरत नाहीत.

सवय आणि थकवा ओळखण्याची कसोटी घरच्या घरी करता येते. रात्रभर शांत झोप घेतल्यानंतर, सकाळी हळू आवाजात, ओळखीचं गाणं लावावं. आठवडाभरापूर्वीपेक्षा ते सुसह्य वाटत असेल तर मेंदू शिकतो आहे. मात्र रोज सकाळी ते तितकंच टोचत असेल आणि तासभर मोठ्याने ऐकल्यावरच मऊ होत असेल, तर तो थकवा समजावा. कानात शिट्टी वाजणं, ऐकून झाल्यावर माणसांचं बोलणं दबकं वाटणं किंवा डोकं दुखणं ही थांबण्याची सूचना आहे. दोन-तीन आठवडे हळू आवाजात, मधे विश्रांती घेत ऐकूनही आवाज खुपतच राहिला, तर फोनमधल्या इक्वलायझरने तो भाग दोन-तीन डेसिबलने खाली आणावा. शुद्धतेच्या नावाखाली काही शौकिनांना हे पाप वाटतं. पण जवारी आपल्या कानाप्रमाणे लावून घेणारा गवई अशुद्ध ठरत नाही, मग हेडफोनवाल्यानेच का सोसावं? तेही न जमल्यास वस्तू मुदतीत परत करावी. महाग आहे म्हणून कान झिजवायचे, हा व्यवहार तोट्याचाच.

या साऱ्याचा खरा उपयोग मात्र हेडफोनच्या दुकानापासून दूर, घरातल्याच एका ड्रॉवरमध्ये आहे. तिथे आजोबांचं श्रवणयंत्र पडलेलं असतं. वयानुसार वरचे ध्वनी इतके हळूहळू जातात, की मेंदू त्या मिणमिणत्या जगालाच नेहमीचं मानू लागतो. स्वर खालच्या कंप्रतेचे असल्याने ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. मग ‘ताक’ मागितलं की ‘टाक’ आहे का ‘काप’ हे कळत नाही. ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. श्रवणयंत्र नेमके हेच हरवलेले ध्वनी वाढवून देतं. परिणामी पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ, कुकरची शिट्टी, अगदी स्वतःचं बोलणंही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. ‘कटकट नको’ म्हणून आजोबा यंत्र काढून ठेवतात आणि घरातले म्हणतात, पैसे वाया गेले.

ग्लासगोमधले संशोधक स्टुअर्ट गेटहाउस यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिलं होतं, की नव्या यंत्राचा पुरता फायदा दिसायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. पुढच्या काही अभ्यासांत हा फायदा लहान आढळला, तरी पहिल्या आठवड्यावरून निकाल देऊ नये, हे ऑडिओलॉजिस्ट आजही सांगतात. अनेकदा ते मुद्दाम कमी वाढीपासून सुरुवात करून दर भेटीत ती चढवत नेतात. त्यासाठी आजोबांना त्या भेटींना घेऊन जाणारं कोणीतरी हवं. आधी शांत खोलीत एकाशी बोलताना, मग जेवणाच्या टेबलावर, मग बाजारात, असा वापर वाढवायला हवा. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने श्रवणऱ्हासाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत गणलं आहे. ड्रॉवरमधलं ते यंत्र त्यामुळे अधिकच महत्त्वाचं ठरतं.

नातू आपल्या हेडफोनला तीन आठवडे देतो, त्यावर रात्रीचे तास मोजतो, मित्रांशी तासन् तास चर्चा करतो. तेवढाच धीर आजोबांच्या यंत्रालाही मिळायला हवा. कान शिकतो, पण त्याला शिकायला वेळ लागतो, हळू आवाज लागतो आणि सोबत लागते. नातवाला हे आता ठाऊक झालं असेल, तर त्याने आज संध्याकाळी तो ड्रॉवर उघडावा, यंत्राची बॅटरी बदलावी आणि आजोबांसमोर बसून सावकाश बोलायला सुरुवात करावी.