जनुकीय अभियांत्रिकीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण: आकुर्डीच्या प्रयोगशाळेतून शेताला काय मिळू शकते?

प्रथिन आणि जनुकीय अभियांत्रिकीचे प्रयोगशाळेतील प्रशिक्षण हा विषय आपल्या कामाचा नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण कापसाच्या पाकिटातील बीटी, केळीची उतीसंवर्धित रोपे आणि कांद्याचे संकरित वाण यांची खात्री करणारे हात याच प्रशिक्षणातून तयार होतात. शिवाय गावातील अनेक मुले-मुली आज बायोटेक शिकतात आणि अशा अभ्यासक्रमांची फी घरच्या पिकाच्या पैशातून भरली जाते. म्हणून याचा हिशेब आपल्यालाही समजला पाहिजे.

आकुर्डी–चाकण पट्ट्यात काय आहे?

हा पट्टा वाहन कारखान्यांसाठी ओळखला जातो. तरी सूक्ष्मजीवांपासून उत्पादन घेण्याची परंपराही येथे जुनी आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पेनिसिलीनसाठी उभी राहिली. आज आकुर्डीत डी. वाय. पाटील आंतरराष्ट्रीय विद्यापीठात जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी शिकवली जाते. जवळच ताथवड्याला जैवतंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. चाकणच्या पुढे राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. म्हणजे प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि कांद्याचे शेत एका तालुक्याच्या अंतरात आहेत. यांना जोडणारा दुवा मात्र अजून कच्चा आहे.

प्रशिक्षणात नेमके काय करतात?

पहिली पायरी म्हणजे पानातून डीएनए वेगळा काढणे. दुसरी पायरी पीसीआर. यात डीएनएचा हवा तो तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०० कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात, म्हणून रोगाचा अगदी थोडा अंशही सापडतो. त्यानंतर जनुक एका निरुपद्रवी जिवाणूत घालून त्याच्याकडून प्रथिन तयार करून घेतात, ते शुद्ध करतात आणि तपासतात. प्रथिनाची रचना बदलून त्याचे काम सुधारणे ही पुढची पायरी, तिला प्रथिन अभियांत्रिकी म्हणतात. मक्याच्या एका बीटी वाणातील क्राय१ए.१०५ हे प्रथिन तीन क्राय प्रथिनांचे भाग जोडून बनवले आहे.

शेतात याचा उपयोग कुठे?

कापूस: बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन प्रथिने असलेले वाण आले. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन्ही प्रथिनांना प्रतिकारशक्ती मिळवली आणि २०१७-१८ च्या हंगामात राज्यात मोठे नुकसान झाले. पान चुरगळून द्रावणात पट्टी बुडवली की काही मिनिटांत दोन रेषा उमटतात. दोन रेषा म्हणजे प्रथिन आहे, एकच रेषा म्हणजे ते नाही. पण दोन रेषा आल्या म्हणून गुलाबी बोंडअळी येणार नाही, असे समजू नका. पट्टी फक्त प्रथिन आहे की नाही ते सांगते. ते किती आहे यासाठी एलायझा चाचणी लागते, आणि पिकाच्या वयाबरोबर त्याचे प्रमाण घटते. म्हणून कामगंध सापळे, डोमकळ्या वेचणे आणि वेळेवर फरदड मोडणे सुटत नाही.

केळी: उतीसंवर्धित रोप म्हणजे रोगमुक्त रोप, हा समज धोक्याचा आहे. मातृरोपात विषाणू असेल तर त्यापासून केलेल्या हजारो रोपांत तो जातो. खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात, तो काकडीच्या मोझॅक विषाणूमुळे होतो. रोप लहान असताना लक्षणे दिसतीलच असे नाही, चाचणीत मात्र विषाणू सापडतो. उतीसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन पद्धत आहे. रोपे घेताना रोपवाटिकेकडे त्या बॅचचा विषाणू चाचणी अहवाल मागा.

कांदा: संकरित बियाण्यासाठी नर-वंध्य ओळी लागतात. कांदा द्विवार्षिक आहे, बियापासून कांदा आणि कांद्यापासून बी. त्यामुळे योग्य झाडे केवळ संकर करून ओळखायला चार ते आठ वर्षे जातात. डीएनए मार्करने रोपाच्या पानावरूनच बरीच निवड करता येते. यात कोणतेही परके जनुक घातले जात नाही. प्रयोगशाळेतले प्रत्येक काम म्हणजे ‘जीएम’ नव्हे, हे लक्षात ठेवा.

नवे वाण आणि कायदा

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक संपादनाने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले: हैदराबादच्या संस्थेचे डीआरआर धान १०० (कमला) आणि नवी दिल्लीच्या संस्थेचे पुसा डीएसटी राइस १. यात परके जनुक नाही, भाताच्याच जनुकात छोटा बदल आहे. अशा वाणांना मार्च २०२२ च्या आदेशाने जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली आहे. मात्र घोषणा झाली म्हणजे बियाणे दुकानात आले असे नव्हे. कोणी ‘संपादित वाण’ म्हणून सुटे बियाणे देऊ लागला तर घेऊ नका.

याउलट तणनाशक सहनशील एचटीबीटी कापसाला परवानगी नाही. त्याच्या बाजूने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात जाहीर लागवडीचे आंदोलन झाले, तरी कायदेशीर स्थिती बदललेली नाही. असे बियाणे बिनपावतीचे येते. उगवण झाली नाही किंवा फसवणूक झाली, तर तक्रारीला कागदच उरत नाही.

मुलांची फी भरण्यापूर्वी हे विचारा

• एका टेबलावर किती विद्यार्थी? प्रत्येकाच्या हातात पिपेट येते, की एक जण करतो आणि बाकीचे बघतात?
• किती दिवस? जनुक घालण्यापासून शुद्ध प्रथिन मिळेपर्यंतचे पूर्ण काम दोन दिवसांत होत नाही. मधल्या पायऱ्या आधीच करून ठेवल्या असतील तर तसे स्पष्ट सांगतात का?
• प्रयोग फसला तर तो पुन्हा करू देतात का? चूक कुठे झाली हे शोधणे हेच खरे शिक्षण.
• संस्थेत जैवसुरक्षा समिती आहे का? जनुक बदलाचे काम करणाऱ्या संस्थेत ती लागते.
• विद्यार्थ्याची स्वतःची नोंदवही तयार होते का? नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ती जास्त बोलते.
• शेतातील नमुना हाताळायला शिकवतात का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तयार शुद्ध डीएनएवर पीसीआर करणे सोपे असते. केळीच्या चिकट पानातून किंवा कापसाच्या पानातून चांगला डीएनए काढणे अवघड. ज्याला हे जमते, त्याला बियाणे कंपनीत, उतीसंवर्धन प्रयोगशाळेत किंवा रोगनिदान केंद्रात काम मिळण्याची शक्यता वाढते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रयोगशाळांना खरे नमुने हवे असतात आणि शेतकऱ्यांना निदान हवे असते. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी सहाय्यकाने हंगामात एकदा जरी जवळच्या महाविद्यालयाशी बोलणी केली, तर दोघांचेही काम होते. विद्यार्थ्यांचा निष्कर्ष मात्र सल्ला म्हणून वापरू नका. तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पडताळून घ्या. नुकसानभरपाई किंवा बियाणे तक्रारीसाठी अधिकृत अहवालच लागतो.

शेतकऱ्यांनी एवढे करावे: बियाण्याची पावती, पाकिटावरील लेबल आणि लॉट क्रमांक जपून ठेवा. पाकिटातील थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवा. रोगट पान पाठवताना त्याच प्लॉटमधील निरोगी पानही वेगळ्या पिशवीत पाठवा आणि दोन्हींवर गाव, पीक, वाण व तारीख लिहा. नमुना नीट असेल तरच प्रयोगशाळेचे उत्तर तुमच्या उपयोगी पडेल.