हौद्याच्या तळाशी गेलेली साखर

रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. भंडारदऱ्याच्या जलाशयापासून थोडं वर, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या शेतात आम्ही उतरलो होतो. डिसेंबरातली थंडी आणि मिट्ट काळोख. मोबाइलच्या उजेडात नवरा तंबूच्या काठ्या जुळवत होता आणि मी पिकअपच्या हौद्यात डोकं खुपसून गॅसचा रेग्युलेटर शोधत होते. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, हात थरथरताहेत माझे. बघ ना जरा.”

कपाळाला हात लावला तर घाम! स्वेटर घालूनही आम्ही कुडकुडत होतो आणि त्यांना दरदरून घाम सुटला होता. आईंना बारा वर्षांचा मधुमेह. त्याचा अर्थ मला लगेच कळला. रक्तातली साखर उतरली होती.

आणि साखर होती हौद्याच्या अगदी तळाशी. स्वयंपाकाच्या गोणीत. तिच्यावर गाद्या, गाद्यांवर खुर्च्या, खुर्च्यांवर मुलांचं क्रिकेटचं सामान!

वाचकहो, २०२४ सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. कुठे चुकलं, ते आधी सांगते. गाडी माझ्या धाकट्या दिरांची. पिंपळगाव बसवंतजवळ त्यांची टोमॅटोची शेती आहे. मालासाठी घेतलेली त्यांची डबल केबिनची पिकअप दोन दिवसांसाठी मिळाली, तेव्हा आम्ही खुशीत होतो. पुढे-मागे मिळून पाच जण आरामात बसतात आणि मागे एवढा मोठा हौदा! आपल्या छोट्या गाडीत सामान भरताना किती काटछाट करावी लागते. इथे काय, जे हाताला येईल ते टाकलं. सर्वात मोठी वस्तू म्हणून तंबू आधी टाकला. जड म्हणून स्वयंपाकाची गोणी त्याच्या शेजारी. बाकी सगळं वर. चार गाठी मारून ताडपत्री बांधली आणि निघालो.

घोटीहून बारीमार्गे शेंडीला पोचेपर्यंत कळसूबाईचा डोंगर संध्याकाळच्या उजेडात फार सुरेख दिसला. पण थांबत थांबत गेल्यामुळे मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार पडला. आता आधी हवा होता तंबू, मग चूल. आणि नेमक्या त्याच दोन वस्तू सगळ्यांच्या खाली. सगळं सामान शेतात उतरवल्याशिवाय हात पोचेना. दवाने गाद्या ओलसर व्हायला लागल्या. टॉर्च कुठल्या पिशवीत, ते कोणालाच आठवेना.

या गडबडीत आठ वाजले. आईंची इन्शुलिनची वेळ. औषधाची पिशवी त्या स्वतः सांभाळतात, पर्समध्ये. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी वेळेवर इंजेक्शन घेतलं, जेवण होईलच या भरवशावर. आणि जेवणाचा तर अजून पत्ता नव्हता!

त्या रात्री आम्हांला वाचवलं ते आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी. त्याने आपलं दप्तर स्वतः भरलं होतं आणि कोणालाही हात लावू दिला नव्हता. त्यात होती पाण्याची बाटली, छोटी बॅटरी, एक भोवरा आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. आईंनी पाच-सहा गोळ्या कडाकडा चावून खाल्ल्या. तोवर नवऱ्याने गाद्या फेकून गोणी उपसली आणि साखरेचं पाणी केलं. वीसेक मिनिटांनी त्यांचा घाम थांबला, चेहरा निवळला. शेतकऱ्याच्या घरून गरम भाकरी आणि पिठलं आलं. त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

रात्री तंबूत मला झोप लागली नाही. सारखं वाटत राहिलं, ते दप्तर मी उचलून हौद्यात टाकलं असतं तर?

‘वहिनी, उतरवायचा विचार आधी करा’

गाडी परत करायला गेलो तेव्हा सगळी हकिकत भाऊजींना सांगितली. ते रागावले नाहीत. अंगणात उभी असलेली गाडी दाखवून म्हणाले, “वहिनी, माल भरायचा असतो तो उतरवण्याच्या हिशेबाने. ज्याचा माल आधी उतरायचा, तो शेवटी भरायचा. आम्ही रोज तेच करतो.”

एवढं साधं! त्या एका सूत्रावर आम्ही पुढच्या सहलीची तयारी केली. तुमच्या उपयोगी पडावी म्हणून ती क्रमाने देते.

सामानाचे तीन वाटे करायचे. पहिला वाटा केबिनमध्ये, हाताशी. औषधं, साखर किंवा ग्लुकोज, पिण्याचं पाणी, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी, गाडीची कागदपत्रं आणि प्रत्येकाचं एक गरम कपडा. हा वाटा हौद्यात जायचा नाही, कितीही जागा असली तरी. इन्शुलिन तर नाहीच. ताडपत्रीखाली उन्हाने भट्टी पेटते आणि इन्शुलिनला उष्णता सोसत नाही. उलट बर्फाला थेट टेकवून ठेवलं आणि गोठलं, तरीही ते वाया जातं.

दुसरा वाटा मुक्कामाला पोचल्याबरोबर लागणारा. म्हणजे तंबू, खाली अंथरायची ताडपत्री, कंदील, चूल आणि पहिल्या जेवणाचा डबा. हा सगळ्यात शेवटी चढवायचा, मागच्या फाळक्याला लागून. फाळका उघडला की समोर तंबू दिसला पाहिजे. आणि पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच न्यावं. दशम्या, चटणी, दही. चूल पेटली नाही तरी कोणी उपाशी राहणार नाही.

तिसरा वाटा म्हणजे नंतर लागणारं बाकी सगळं. अंथरुणं, कपडे, दुसऱ्या दिवसाचा शिधा, खेळ. हे आत, केबिनच्या बाजूला.

वजनाचं गणित

इथे एक अडचण येते. पाण्याचे कॅन आणि शिध्याची पेटी जड. ते फाळक्याजवळ ठेवावेत का? नाही. वीस लिटरचा एक कॅन म्हणजे वीस किलो वजन. असे दोन-तीन कॅन आणि इतर जड सामान मागच्या चाकांच्याही मागे गेलं, तर गाडीचा पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. घाटाच्या वळणावर हे महागात पडतं. म्हणून जड वस्तू तळाला, केबिनच्या भिंतीला टेकवून आणि डाव्या-उजव्या बाजूला सारख्या वाटून ठेवायच्या. फाळक्याजवळ लागेल ते पण हलकं. पहिल्या रात्रीपुरतं पाणी केबिनमध्ये असतंच, त्यामुळे मोठे कॅन सकाळी काढले तरी चालतात. भार वाढला की टायरमधली हवाही त्या हिशेबाने भरायची. बहुतेक गाड्यांत त्याचा तक्ता चालकाच्या दाराजवळ चिकटवलेला असतो.

गोण्या आणि पिशव्या मात्र आम्ही कायमच्या बाद केल्या. त्यांच्याऐवजी भाऊजींकडचे टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट घेतले. एकाच मापाचे असल्याने ते एकावर एक घट्ट बसतात, घरंगळत नाहीत. प्रत्येकावर जाड कागद बांधून त्यात काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहिलं. स्वयंपाकाचा एक, अंथरुणाचे दोन, कपड्यांचे दोन आणि हत्यारांचा एक. हत्यारांच्या क्रेटमध्ये हातोडी, जादा खुंट्या, दोरी, कोयता. डाळ-तांदूळ झाकणाच्या डब्यांत भरून मगच क्रेटमध्ये. रचाई केबिनच्या टपापेक्षा उंच नेली नाही.

ताडपत्री बांधतानाही युक्ती आहे. केबिनकडची कड सामानाच्या खाली दाबून बांधायची. ती उघडी राहिली तर वारा आत शिरतो आणि ताडपत्रीचं शीड होतं. दोरी बांधली म्हणजे काम संपलं असंही नाही. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर सामान बसतं आणि दोरी सैल पडते. तिथे एकदा थांबून ताणून घ्यायची. हुकाच्या रबरी दोऱ्यांवर जड सामानाची भिस्त ठेवू नये. हुक निसटला तर तो सरळ डोळ्यावर येतो.

गॅसचा छोटा सिलिंडर उभाच न्यायचा. रेग्युलेटर काढून, टोपण लावून, हौद्याच्या कडेला दोरीने जखडून. केबिनमध्ये कधीच नाही. आणि चूल असो, कोळशाची शेगडी असो, कितीही थंडी वाजली तरी ती तंबूत न्यायची नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

आणखी एक. हौद्यात जागा उरली म्हणून मुलांना तिथे बसवू नका. मुलं हट्ट करतील, ‘थोडंच अंतर’ म्हणतील. पण तिथे ना पट्टा, ना आधार. एक जोराचा ब्रेक पुरतो.

अंगणातली रंगीत तालीम

निघण्याआधीच्या रविवारी दिरांच्या अंगणात आम्ही तंबू उभारून पाहिला. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली, तिसऱ्या खेपेला पंधरा. दोन खुंट्या कमी निघाल्या, तेही घरीच कळलं. शेजारीपाजारी हसले. हसू देत!

आईंच्या डॉक्टरांचा सल्लाही घेतला. त्यांनी सांगितलं, जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्शुलिन घ्यायचं नाही. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, तर साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि गरज पडली तर पुन्हा द्यायची. तपासायचं यंत्र हाताशी नसेल, तर साखर देण्यासाठी थांबून राहू नये. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मुक्कामाच्या जागेपासून जवळचा दवाखाना कुठे, ते आम्ही निघण्याआधीच विचारून ठेवलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा भंडारदऱ्यालाच गेलो. “तिथलं पाणी मी नीट पाहिलंच नाही,” असं आईच म्हणाल्या. या वेळी उजेडी पोचलो. फाळका उघडला, वीस मिनिटांत तंबू उभा राहिला आणि साडेसातला दशम्या पानात होत्या. आईंनी पान समोर आल्यावर इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं दर्शनही झालं. परतताना तंबू दवाने ओला होता. तो सर्वात शेवटी, वेगळा ठेवला आणि घरी आल्याबरोबर वाळत घातला. नाहीतर दोन दिवसांत त्याला बुरशीचा वास येतो. कचऱ्याची पिशवीही आमच्याबरोबरच परत आली.

या खेपेला पहिल्या वाट्याची जबाबदारी चिरंजीवांकडे होती. केबिनमध्ये आजीच्या पायाशी त्याने बिस्किटाचा एक जुना डबा ठेवला होता. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजीची साखर. कोणी हात लावू नये.’ खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ‘लिमलेटच्या गोळ्या माझ्या आहेत, पण आजीला चालतील.’